मोकळं झालेलं माप: रेझर, पातं आणि साबण हवे तसे जुळवता येतात, त्यामागचा इतिहास

दुधारी सेफ्टी रेझरचं पातं साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड असतं. ते कोणत्या देशातल्या कोणत्या कारखान्यातून आलं याने काही फरक पडत नाही. जवळपास प्रत्येक दुधारी रेझरमध्ये ते बसतं, अगदी शंभर वर्षांपूर्वीच्या रेझरमध्येसुद्धा. ओल्या दाढीचं साहित्य नव्याने घेणाऱ्याला याचं नवल वाटत नाही, पण वाटायला हवं. रेझर एकाचा, पातं दुसऱ्याचं आणि साबण तिसऱ्याचा अशी जुळणी करायची मुभा कोणी उदार होऊन दिलेली नाही. एका पेटंटची मुदत संपली, एक कोर्टकज्जा झाला आणि त्यातून ती हाती लागली. काय निवडावं हे समजून घ्यायचं तर आधी हा प्रवास पाहिलेला बरा.

सुरुवात वस्तऱ्यापासून. १७४०च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवून ते एकजिनसी करण्याची पद्धत बसवली. अशा पोलादाला बारीक आणि सारखी धार चढते, आणि शेफील्डच्या वस्तऱ्यांचं नाव झालं. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनने तोच मान मिळवला. वस्तऱ्याची अडचण पोलादात नव्हतीच. प्रत्येक दाढीआधी तो चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागे, अधूनमधून दगडावर घासावा लागे, आणि त्वचेशी किती कोन धरायचा हे सर्वस्वी हातावर अवलंबून. म्हणजे प्रश्न दोन होते: कापणार नाही असं पातं कसं धरायचं, आणि धार कोणी लावायची?

पहिल्या प्रश्नाकडे लोकांचं लक्ष लवकर गेलं. फ्रेंच कारागीर झाँ-झाक पेरे याने १७७०च्या सुमारास वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण बसवलं. पात्याची फक्त कड बाहेर राहील अशी ही सोय त्याला सुताराच्या रंध्यावरून सुचली होती. १८४७मध्ये विल्यम हेन्सनने पातं मुठीला काटकोनात बसवलं. आज रेझरचा जो आकार आपण पाहतो, मूठ उभी आणि डोकं आडवं, त्याचं मूळ इथे आहे. (वाफेवर उडणाऱ्या विमानाचा आराखडा करून त्याचं पेटंट घेणारा हेन्सन हाच.) मग १८८०मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी ‘स्टार’ रेझरचं पेटंट घेतलं. त्यात पात्यापुढे संरक्षक दांडी होती आणि मागे फेस साठायला पन्हाळीसारखी जागा. पण आतलं पातं म्हणजे वस्तऱ्याचाच जाड तुकडा. त्याला धार लावणं सुटलं नव्हतं.

दुसरा प्रश्न किंग कॅम्प जिलेटने सोडवला, आणि तोही वेगळ्याच वाटेने. तो बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा विक्रेता होता. धातूच्या त्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला होता की लोक एकदा वापरून टाकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोध. १८९५मध्ये त्याच्या डोक्यात आलं: धार लावायचीच कशाला? पत्र्याइतकं पातळ पातं करायचं, दोन्ही कडांना धार द्यायची, बोथट झालं की फेकायचं. कल्पना सोपी, पण पोलादाचे जाणकार मान हलवत होते. इतक्या पातळ पट्टीला पाणी देताना ती वाकडी होते, आणि मऊ ठेवली तर धार टिकत नाही. विल्यम निकरसन हा अभियंता १९०१मध्ये जोडीला आला आणि पाती कडक करण्याची व धार लावण्याची यंत्रं त्याने उभी केली. माझ्या मते या गोष्टीचा खरा नायक निकरसन आहे. कल्पना जिलेटची असली तरी निकरसनशिवाय ती कागदावरच राहिली असती. १९०३ साली ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरची विक्री ९० हजारांवर गेली, आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळालं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून जास्त पाती गेली. खंदकात वस्तऱ्याला धार लावत बसणं शक्य नव्हतं, आणि विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा गुळगुळीत गालावर जास्त घट्ट बसे. युद्ध संपल्यावर शिपाई घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊनच.

पुढचा भाग मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. १९२१मध्ये जिलेटचं मूळ पेटंट संपलं. रेझरच्या तीन खुंट्यांवर बसणारं त्याचं तीन भोकांचं पातं आता कोणीही बनवू शकत होता, आणि बनवणारे पुष्कळ निघाले. त्यांना मागे टाकण्यासाठी जिलेटच्या कंपनीने १९३०मध्ये नवा रेझर आणि नवं पातं काढलं. नव्या पात्याचे कोपरे कापलेले होते, कारण रेझर हातातून पडला की वरच्या टोपीचा कोपरा वाकायचा आणि तिथे पातं गाल ओढायचं. पण हेन्री गेसमन हा प्रतिस्पर्धी तयारीत होता. त्याचा ‘ऑटोस्ट्रॉप’ रेझर आतल्या आतच पात्याला धार लावणारा म्हणून प्रसिद्ध होता, आणि ‘प्रोबॅक’ नावाचं दुधारी पातं त्याने आधीच बाजारात आणलं होतं. नवी रचना आपल्या पेटंटमधून चोरून केली आहे, असा दावा त्याने ठोकला. तडजोड म्हणून दोन्ही कंपन्या एकत्र करायचं ठरलं. त्यासाठी हिशेब तपासले, तेव्हा जिलेट कंपनीने कित्येक वर्षं नफा फुगवून दाखवल्याचं उघड झालं. कारभार गेसमनकडे गेला. १९३२मध्ये किंग जिलेट वारला.

या भांडणातून जे पातं शिल्लक राहिलं तेच आज आपण वापरतो. मधे लांब खाच, कोपरे कापलेले, आणि ती खाच अशी की जुन्या तीन खुंट्यांच्या रेझरवरही बसावी व नव्या रचनेच्या रेझरवरही. जुने ग्राहक तुटू नयेत म्हणून केलेली ही सोय होती. पुढे तेच जगभरचं माप झालं आणि मोकळं राहिलं.

माप ठरल्यावर रेझरमध्ये फरक करायला जागा उरली ती डोक्याच्या घडणीत. पातं किती बाहेर डोकावतं, पातं आणि संरक्षक दांडी यांत फट किती, आणि पातं किती ताठ धरलं जातं, या तीन गोष्टींवर रेझर मवाळ की आक्रमक ते ठरतं. सुरुवातीच्या जिलेट रेझरला दांडीऐवजी कंगव्यासारखे दात होते. अखंड दांडीचे रेझर १९३०च्या दशकाअखेरीस रुळले. दात असलेला रेझर काही दिवसांची वाढलेली दाढी चांगली काढतो, कारण केस आणि फेस दातांमधून आत जातात. रोज दाढी करणाऱ्याला अखंड दांडी पुरते. मूठ फिरवली की डोक्याची दारं उघडतात असे रेझर १९३४पासून आले, आणि फट कमीजास्त करता येणारे १९५०च्या दशकाअखेरीस. पहिलाच रेझर घेणाऱ्याने अखंड दांडीचा, मवाळ, तीन सुट्या भागांचा घ्यावा असं मी ठामपणे सांगेन. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं आणि धुवायला तो सोपा. धातूकडे मात्र बघावं. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव डोकं क्रोमच्या मुलाम्याखाली सुंदर दिसतं, पण मुलामा उडाला की आतला धातू झिजतो आणि आटे तुटतात. पितळ आणि स्टेनलेस स्टील पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

पात्याची गोष्ट इतक्यावर थांबत नाही. साध्या कार्बन पोलादाची पाती ओली राहिली की गंजायची. १९६०मध्ये जिलेटने धारेवर पातळ लेप दिलेलं पातं आणलं. ते गालावरून इतकं सहज सरकायचं की धार जास्त असल्यासारखं वाटे. १९६२च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्ड या मानाने लहान ब्रिटिश कंपनीने स्टेनलेस स्टीलचं लेपित पातं बाजारात उतरवलं. ते कितीतरी जास्त दाढ्या टिकायचं, आणि जिलेटसारख्या मोठ्या कंपनीला वर्षभरात त्याच वाटेने जावं लागलं. आजच्या पात्यांवर प्लॅटिनम, क्रोमियम असे जे शब्द छापलेले असतात ते धारेवरच्या अतिपातळ थरांविषयी असतात. त्यावर बहुधा आणखी एक घसरट लेप असतो, भांड्यांच्या न चिकटणाऱ्या थरातल्याच पदार्थाचा. माप एक, पोलादही जवळपास एका जातीचं, तरी दोन पाती वेगळी लागतात ती धारेच्या कोनामुळे आणि या लेपांमुळे.

केसासारखी मऊ वस्तू पोलाद बोथट कशी करते, याचं उत्तर २०२०मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. पण कापला जाताना तो वाकतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे धारेचे सूक्ष्म टवके उडतात. म्हणजे पातं झिजत जात नाही, तर कडेला ठिकठिकाणी तुटतं. म्हणून अमुक दाढ्यांनंतर बदला असा नियम करण्यात अर्थ नाही. केस ओढल्यासारखा वाटला की पातं बदलायचं. आणि अतिधारदार पात्याची धास्ती घेऊ नये. मवाळ रेझरमध्ये तेच अनेकांना जास्त सुखाचं जातं, कारण दाब द्यावाच लागत नाही. वेगवेगळी पाती थोडी थोडी घेऊन, रेझर आणि साबण तोच ठेवून, एकेक पारखणं हाच खरा मार्ग. दुसऱ्याच्या गालावर उत्तम चाललेलं पातं आपल्या गालावर चालेलच असं नाही.

१९७१मध्ये दोन पात्यांचं बंद कार्ट्रिज, म्हणजे पाती आतच पक्की बसवलेलं, मुठीवर लावायचं डोकं आलं. पहिलं पातं केसाला थोडं वर ओढतं, तो आत जाण्याआधी दुसरं पातं कापतं, असा त्यामागचा विचार. दाढी गुळगुळीत होते हे खरं, पण त्वचेच्या पातळीखाली कापलेला केस, विशेषतः कुरळा, आतल्या आत वाढून पुटकुळ्या आणतो. माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. १९२१ नंतर मोकळं झालेलं माप इथे पुन्हा बंद झालं. प्रत्येक मुठीला तिच्याच घरचं कार्ट्रिज, आणि त्यावर नवी पेटंटं.

साबणाचा इतिहास शांत आहे, पण निवडीला तितकाच उपयोगी. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३पर्यंत दाखवून दिलं की चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांची जोडणी. त्यातल्या स्टिअरिक आम्लावर दाढीचा साबण उभा आहे. त्यामुळे फेस दाट होतो आणि बुडबुडे लवकर फुटत नाहीत. सोडियमच्या क्षाराने साबण कडक होतो, पोटॅशियमच्या क्षाराने मऊ आणि पाण्यात पटकन विरघळणारा. दाढीच्या वडीत बहुधा दोन्ही असतात, क्रीममध्ये मुख्यतः पोटॅशियम. अंगाला लावायच्या वडीचा फेस गालावर वाळतो याचं कारण हेच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रशला एक काळा डाग लागला. घोड्याच्या केसांचे नीट निर्जंतुक न केलेले ब्रश वापरून सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स हा जनावरांपासून होणारा घातक जंतुसंसर्ग झाला. १९१९मध्ये फ्रँक शील्ड्सने ब्रशविना लावायचं ‘बार्बासॉल’ क्रीम आणलं, आणि १९५०च्या आसपास डब्यातून फवारून निघणारा फेस आला. सोय झाली, पण ब्रशचं काम सुटलं. ब्रश केस उभे करतो आणि पाणी मुळाशी पोचवतो. भिजलेला केस मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. आज ब्रश कृत्रिम तंतूंचा घेतला तरी चालतो. तो लवकर वाळतो आणि साबण कमी पितो.

साबण घेताना सुगंधाआधी घटकांची यादी वाचावी. सुरुवातीलाच स्टिअरिक आम्ल किंवा प्राणिज चरबी, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि पुढे ग्लिसरीन असेल तर फेस बहुधा चांगलाच येईल. तरीही येत नसेल तर पाण्याकडे बघावं. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला पकडतं आणि फेसाऐवजी पांढरा साका धरतो. एकदा ऊर्ध्वपातित पाण्यात फेस करून पाहिला की दोष कुणाचा ते लगेच कळतं. पाणीच जड निघालं तर साबण जास्त घ्यावा, किंवा घटकांत ईडीटीए असलेलं क्रीम वापरावं. ते कॅल्शियमला आधीच बांधून ठेवतं.