बेळगावचा मराठी मतदार आणि 1996 ची ती मतपत्रिका

सीमाप्रश्न कशातून निर्माण झाला, हे पुन्हा सांगण्याची गरज नाही. 1956 ची राज्य पुनर्रचना, त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या सीमा आंदोलनातले हुतात्मे आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवणारा महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल या साऱ्या इतिहासातून इथल्या मतदाराची एक सवय तयार झाली. विधानसभेचे मत समितीला, म्हणजे बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला. 1994 पर्यंत बेळगाव शहराची आमदारकी समितीकडे हे ठरलेलेच होते. जून 1986 मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माणसे गेली आणि ज्या घरांत समितीविषयी नाराजी होती, तीही पुन्हा समितीकडे वळली.

लोकसभेचे गणित मात्र पहिल्यापासून वेगळे. बेळगाव लोकसभा मतदारसंघात गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग हा कन्नडभाषक पट्टा येतो. खानापूर जोडलेले आहे उत्तर कन्नड म्हणजे कारवारकडच्या मतदारसंघाला आणि निपाणी चिकोडीला. सीमाभागातले मराठी मत असे तीन खासदारांत वाटले गेले आहे. समितीचा उमेदवार लोकसभेत निवडून येणे अवघड, हे कार्यकर्त्यांनाही माहीत होते आणि मतदारांनाही.

1996 चा निर्णय याच अडचणीतून आला. जिंकता येत नसेल तर दिल्लीचे लक्ष तरी वेधू, या विचाराने शेकडो मराठी माणसांनी बेळगावातून लोकसभेचे अर्ज भरले. रिंगणात एकूण 456 उमेदवार उरले. मतपत्रिकेची पुस्तिका झाली, देशभर बातम्या झाल्या. त्या वेळी अनामत रक्कम 500 रुपये होती. गावोगावच्या शेतकऱ्यांनी, कामगारांनी, दुकानदारांनी ती भरली, ती परत मिळणार नाही हे माहीत असूनही. त्या माणसांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. सीमाप्रश्नावर इतक्या सामान्य माणसांनी एकाच वेळी स्वतःचे नाव पणाला लावल्याचे दुसरे उदाहरण आठवत नाही.

पण त्या निर्णयाचे परिणाम दोन ठिकाणी झाले आणि चर्चा एकाचीच होते. पहिला परिणाम कायद्यात झाला. त्याच वर्षी लोकसभेची अनामत 10,000 रुपये झाली आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या पाठिंब्याविना उभे राहणाऱ्याला दहा सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवणारे दहा मतदार, बंधनकारक झाले. त्या निवडणुकीत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील नलगोंडा लोकसभा मतदारसंघात 480 आणि तमिळनाडूतील मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात हजाराच्या वर उमेदवार होते, त्यामुळे हा बदल एकट्या बेळगावमुळे झाला असे नाही. दुसरा परिणाम मतदारावर झाला आणि माझ्या मते तोच अधिक खोल आहे. शेकडो नावांत आपले एक मत कुठे टाकायचे, याचे उत्तर समितीने दिले नाही. लोकसभेचे मत हे निषेधाचे, नाहीतर मोकळे, अशी समजूत पक्की झाली. मोकळे झालेले मत राष्ट्रीय पक्षांनी उचलले. एकच तगडा उमेदवार देऊन पराभव पत्करला असता, तर निदान मोजता येईल असा आकडा हाती राहिला असता.

एकदा लोकसभेला हात वळला की विधानसभेलाही वळतो. 1999 मध्ये बेळगाव शहराची जागा गेली. 2005 मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि सभागृह बरखास्त झाले. संताप प्रचंड होता, तरी 2008 मध्ये समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. त्या वेळी मतदारसंघांची फेररचना होऊन मराठीबहुल उचगाव मतदारसंघ संपला होता, हे खरे. पण समितीतली बेकी त्याआधीचीच. 2013 मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर परत मिळाले. 2018 मध्ये गटागटांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार दिले आणि दोन्ही जागा गेल्या.

दरम्यान राष्ट्रीय पक्षांनी मराठी माणसाशी बोलायची पद्धत बदलली. मराठीतून प्रचार, मराठा उमेदवार, मंडळांना देणग्या, शिवजयंतीच्या मिरवणुकीत नेते. मार्च 2023 मध्ये बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचे अनावरण काही दिवसांच्या अंतराने दोन वेळा झाले, दोन प्रतिस्पर्धी पक्षांकडून. तरुण मतदाराला भाषेइतकीच धर्माची हाक लागू पडते, हे शहरी प्रभागांत दिसते. 2021 मध्ये महापालिका निवडणूक पक्षचिन्हांवर झाली तेव्हा 58 पैकी 35 जागा एका राष्ट्रीय पक्षाने घेतल्या. मराठी नगरसेवक निवडून आले, पण त्यांतले बहुतेक समितीचे नव्हते.

म्हणून समितीचे मत संपले, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी त्याच वर्षीची लोकसभा पोटनिवडणूक पाहावी. समितीने एक तरुण उमेदवार दिला आणि त्याला 1 लाख 17 हजारांच्या आसपास मते पडली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य साधारण 5 हजारांचे होते. दोन्ही राष्ट्रीय पक्षांना घाम फुटला. 2023 मध्ये विधानसभेला एकी झाली, बेळगाव दक्षिणमध्ये समितीच्या उमेदवाराने 60 हजारांहून अधिक मते घेतली, पण जागा एकही आली नाही. खानापुरात मात्र समितीचे मत राष्ट्रीय पक्षांकडे सरकलेलेच राहिले.