एकट्या पालकाच्या घरातलं कॉलेज: फी माफी, शिष्यवृत्ती आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर 'एकल पालक' नावाची शिष्यवृत्ती शोधण्यात वेळ घालवू नका. राज्याच्या मोठ्या शिष्यवृत्त्या घरात एकच पालक आहे म्हणून मिळत नाहीत. त्या उत्पन्नावर, प्रवर्गावर, मुलगी असण्यावर किंवा आईबापाच्या कामावर मिळतात. मात्र अर्ज भरताना एकट्या पालकाला अडवणारी गोष्ट जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच असते: जो पालक घरात नाही, त्याचे कागद. म्हणून योजनांच्या आधी त्या कागदांचं बोलू.

आधी घरातली फाईल

पती वारले असतील तर मृत्यू दाखला पुरतो. त्याच्या प्रती जास्तच काढून ठेवा आणि रेशन कार्डावरून नाव कमी करून घ्या. मृत व्यक्तीचं नाव कार्डावर तसंच राहिलं तर पुढे प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न विचारला जातो. घटस्फोट झालेला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. मुलांचा ताबा आईकडे असल्याचा उल्लेख त्यात असेल तर ते पान वेगळं काढून ठेवा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तेच कामाला येतं.

सगळ्यात कठीण स्थिती नवऱ्याने सोडलेल्या बाईची असते. घटस्फोट नाही, मृत्यू नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं बेपत्ता किंवा दुसरीकडे संसार थाटलेला. अशा वेळी कागदोपत्री कुटुंबाच्या उत्पन्नात वडिलांची कमाई धरली जाऊ शकते. पोटगीचा दावा केलेला असेल तर त्याची प्रत, पोलीस ठाण्यात दिलेली तक्रार, वेगळं रेशन कार्ड, वेगळ्या पत्त्याचं वीजबिल किंवा भाडेकरार असं जे असेल ते एकत्र करा आणि तलाठ्याच्या चौकशीच्या वेळी पुढे ठेवा. यातलं काहीच नसेल तर निदान स्वतंत्र रेशन कार्डासाठी आजच अर्ज करा. मूल दहावीत असताना हे काम सुरू झालं तर बारावीनंतरची धावपळ पुष्कळ वाचते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रात होतो. आधार, रेशन कार्ड, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो. नोकरी असेल तर पगाराचा पुरावा किंवा फॉर्म १६ द्या. दाखल्यावर '३१ मार्चपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. जुन्या आर्थिक वर्षाचा दाखला जोडला म्हणून अर्ज परत येणं फार नेहमीचं आहे. आणखी एक कळकळीचं सांगणं: एका योजनेसाठी एक आणि दुसरीसाठी दुसरंच उत्पन्न दाखवू नका. एजंट तसं सुचवतात. पुढे पडताळणीत दोन्ही अर्ज एकमेकांसमोर येतात आणि शिक्षा मुलाला होते.

मुलींची पूर्ण फी माफी, आणि ती हातची घालवणारी चूक

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी ही सवलत ५० टक्के होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं लागतं. शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित आणि कायम विनाअनुदानित महाविद्यालयं यात येतात. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं येत नाहीत. याच प्रवर्गांतल्या मुलांना ५० टक्के सवलत मिळते. खुल्या गटासाठी ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने आहे.

आता मुख्य अट. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था स्तरावरच्या जागेवर प्रवेश घेतला की ही सवलत गेली. कॅपच्या पहिल्या फेरीत मनासारखं कॉलेज लागलं नाही की घरात घबराट होते. एखाद्या कॉलेजातून फोन येतो, 'जागा राखून ठेवतो, आजच या.' एकट्या आईला त्या क्षणी सल्ला द्यायला शेजारी कोणी नसतं. तिथे भरलेली फी चारही वर्षं पूर्ण भरावी लागेल, हे त्या फोनवर कोणी सांगत नाही. नावाने थोडं कमी, पण कॅपमधून मिळालेलं कॉलेज अशा घरासाठी बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचे पैसे लागतातच. म्हणून 'फुकट शिक्षण' ऐकून निर्धास्त राहू नका. प्रवेशाआधी कॉलेजकडून फीचा तपशील लेखी मागा आणि प्रत्येक रक्कम कशाची ते विचारा.

अभियांत्रिकीत आणखी एक वाट आहे आणि ती मुलांनाही खुली आहे: ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना, सगळे तिला टीएफडब्ल्यूएस म्हणतात. प्रत्येक अभ्यासक्रमात ५ टक्के जादा जागा असतात, उत्पन्नमर्यादा ८ लाख, निवड गुणवत्तेवर. पर्याय भरताना या जागांचा कोड वेगळा असतो. तो कॅपच्या अर्जात निवडला नाही तर नंतर मागून मिळत नाही.

महाडीबीटीवर अर्ज

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे. त्यापुढच्या उत्पन्नासाठी फ्रीशिपची, म्हणजे फी माफीची, योजना वेगळी. इतर प्रवर्गांच्या योजना त्या त्या विभागाच्या नावाखाली पोर्टलवर दिसतात. अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने होतो. नोंदणी आधारवर आलेल्या ओटीपीने होते, त्यामुळे आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. बऱ्याच घरांत तो नंबर वडिलांचा असतो आणि वडील नसतात. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घेणं हे पहिलं काम.

प्रोफाइलमध्ये आई आणि वडील हयात आहेत का, हा प्रश्न येतो. खरं ते भरा. बहुतेक अर्जांना अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट पत्र, रेशन कार्ड, लागू असेल तिथे जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. मध्ये एखादं वर्ष शिक्षण थांबलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग विभागाकडे. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज दुरुस्त न करता पडून राहिल्याने किती तरी मुलांचं वर्ष वाया जातं. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघायचा नेम ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो.

पैसे आधारशी संलग्न असलेल्या बँक खात्यात येतात. खातं कुठलं दिलं यापेक्षा आधारला कुठलं खातं जोडलंय ते महत्त्वाचं. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते.

जात वैधता: वडिलांच्या घराण्याचा प्रश्न

इथे एकट्या आईची खरी दमछाक होते. जात पडताळणी समिती वडिलांकडचे पुरावे मागते: वडील, आजोबा, चुलते, आत्या यांचे शाळेचे दाखले, महसुली नोंदी, आणि कुणाकडे असेल तर वैधता प्रमाणपत्र. मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचे पुरावे लागतात. अनुसूचित जातीसाठी तो १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. सासरशी बोलणं बंद असेल तर हे कागद आणायचे कुठून? आजोबांच्या शाळेचं नाव माहीत असेल तर मुख्याध्यापकांकडे प्रवेश नोंदवहीच्या उताऱ्यासाठी लेखी अर्ज करा. जुन्या जन्म-मृत्यू नोंदींसाठी आणि महसुली नोंदींसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज देता येतो. नात्यातल्या ज्या एका माणसाशी अजून बोलणं आहे, त्याच्याकडून वैधता प्रमाणपत्राची प्रत मागायला संकोच करू नका.

आईवडील वेगळ्या जातींचे असतील तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा रमेशभाई दाभाई नाईका प्रकरणातला निकाल लक्षात ठेवा. मूल वडिलांच्याच जातीचं हे गृहीतक अंतिम नाही. मूल आईच्या समाजात वाढलं आणि त्या समाजाच्या हालअपेष्टा त्याने भोगल्या हे पुराव्याने दाखवता येतं, असं न्यायालयाने म्हटलं. हा रस्ता सोपा नाही, पण आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो, त्याचा उपयोग करा.

कामाशी जोडलेली मदत, जी लोक विसरतात

आई बांधकामावर मजुरी करत असेल आणि वर्षात ९० दिवस काम झाल्याचा दाखला मिळत असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २० हजार, अभियांत्रिकीसाठी ६० हजार, वैद्यकीयसाठी १ लाख रुपये मिळतात. नोंदणी चालू ठेवली, तिचं नूतनीकरण केलं, तरच.

वडील पीएफ कापला जाणाऱ्या नोकरीत असताना वारले असतील तर विधवा निवृत्तिवेतनासोबत मुलांनाही वयाच्या २५ वर्षांपर्यंत निवृत्तिवेतन मिळतं, एका वेळी दोन मुलांना, प्रत्येकी विधवा निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के. यासाठी फॉर्म १०-डी भरायचा. सेवेत असताना मृत्यू झाला असेल तर ठेव संलग्न विमा योजनेतून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, त्याचा फॉर्म ५-आयएफ. छोट्या कारखान्यात दोन-तीन वर्षंच नोकरी झाली होती म्हणून कित्येक घरं हा दावा करतच नाहीत. निवृत्तिवेतनासाठी एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरते.

मूल १८ वर्षांखालचं असेल, म्हणजे अकरावी-बारावीत, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीकडून.

केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि कर्ज

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती बारावीत मंडळाच्या ८० व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे साधारण वरच्या २० टक्क्यांत, असणाऱ्यांना मिळते. उत्पन्नमर्यादा ४.५ लाख, पदवीला वर्षाला १२ हजार. मान्यताप्राप्त तांत्रिक संस्थेत पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेल्यांसाठी स्वनाथ शिष्यवृत्ती आहे, तीही ५० हजारांची. दोन शिष्यवृत्त्या एकत्र चालतात का, हे अर्जाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती दुसरीसोबत घेता येत नाही.

कर्ज शेवटी. ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी योजना आहे, त्यामुळे तारण किंवा बाहेरचा जामीनदार मागितला तर कारण लेखी मागा. आई एकटी सहकर्जदार होऊ शकते. व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम असेल आणि उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर शिक्षणाच्या काळातल्या व्याजावर अनुदानाची चौकशी करा. शाखेने तोंडी नकार दिला तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, म्हणजे तारखेसह नोंद राहते आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाताना हातात काहीतरी असतं.