‘ताट’मधला त आणि ट बाळाला कधी कळतो?

‘बोलायला लागलं की शिकेल भाषा’ असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर पहिला शब्द फुटायच्या आधीच बाळाने एक मोठं काम बरंचसं उरकलेलं असतं. कोणते आवाज वेगळे धरायचे आणि कोणते एकच, हे त्याने ठरवत आणलेलं असतं.

‘ताट’ हा शब्द सावकाश म्हणून पाहा. ‘त’ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. ‘ट’ला ते मागे वळतं आणि हिरडीच्या उंचवट्यापलीकडे टाळूला लागतं. इंग्रज माणसाच्या ‘टेबल’मधला ट या दोहोंच्या मधला, बरोबर उंचवट्यावरचा.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हेच त-ट ऐकवले. बाळ आईच्या मांडीवर, बाजूला स्पीकर. आईकडून नकळत खूण जाऊ नये म्हणून तिच्या कानांना हेडफोन. एकच अक्षर वाजत राहतं. ते बदलल्यावर बाळाने मान वळवली की काळसर काचेमागे दिवा लागतो आणि खेळण्यातला प्राणी हलू लागतो. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी घरांतल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र तो कळत होता.

कान बिघडत नाहीत. मेंदू राशी लावतो. एकच माणूस ‘त’ दोनदा अगदी सारखा म्हणत नाही. पण मराठी घरातले हजारो त-ट एका पट्टीवर मांडले तर दोन ढीग पडतात, मधे जागा रिकामी. इंग्रजी घरात ढीग एकच, तोही नेमका त्या रिकाम्या जागी. बाळ हे ढीग खरंच मोजतं का? २००२ साली मे, वर्कर आणि गर्केन यांनी ‘डा’पासून ‘टा’पर्यंत आठ पायऱ्यांचे आवाज तयार केले. सहा आणि आठ महिन्यांच्या काही बाळांना दुसरी आणि सातवी पायरी जास्त वेळा ऐकवली, इतरांना चौथी आणि पाचवी. अडीच मिनिटंही नाहीत, तरी नंतर पहिल्या गटालाच टोकांमधला फरक कळला. (व्हॅन आणि वाइन यांचा पहिला आवाज आपल्याला एकच ‘व’ वाटतो, तो याच हिशेबाने.)

मग दिवसभर व्हिडिओ लावला तर? पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली, प्रत्येकी सुमारे २५ मिनिटांच्या बारा बैठका. समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून बाळं चिनी आवाज शिकली. त्याच माणसांच्या डीव्हीडीतून काहीच नाही. ‘बाळाला हुशार करणाऱ्या’ ॲपचे पैसे वाचवा. वेखंड चाटवूनही वाणी स्वच्छ होत नाही, उलट्या मात्र होऊ शकतात.

ढीग पडायला आवाज कानात शिरायला हवा. म्हणून श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, शंका असल्यास ‘बेरा’ (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी तपासणी) करून पक्कं निदान तिसऱ्यापर्यंत, श्रवणयंत्र वगैरे सहाव्यापर्यंत. दहा महिन्यांनीही ‘बाबाबा’, ‘दादादा’ नसेल तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणत थांबू नका. टाळी वाजवून पाहणं ही चाचणी नव्हे: टाळीला दचकणाऱ्या बाळाला ‘स’ ऐकू येतोच असं नाही.