दात शरीरापासून वेगळे कसे झाले

अनेक देशांत सरकारी आरोग्य योजना हृदयाचा, किडनीचा खर्च उचलते, पण दाढ किडली की माणसाने आपापले बघायचे. पैशांची ओढाताण झाली की कात्रीही आधी दातांवरच चालते. याचे मूळ बरेच मागे आहे. 1840 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. डॉक्टर एकीकडे शिकू लागले, दंतवैद्य दुसरीकडे. पुढे विम्याचे कायदे झाले तेव्हा हीच भिंत त्यांतही आली.

ब्रिटनच्या 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्यात कामगाराला डॉक्टर मिळाला, दंतवैद्य हक्काने मिळाला नाही. गरीब घरांत किडलेला दात वाचवण्याऐवजी उपटणेच परवडे. लग्नाआधीच मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवायची, म्हणजे पुढे खर्च नको, अशीही उदाहरणे आहेत. धडधाकट दातसुद्धा जात असत, हे वाचताना आजही कसेसेच होते. 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि दंतोपचार मोफत झाले. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेल्या लोकांची रीघ लागली, खर्चाचे अंदाज कोलमडले. 1951 मध्ये कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावायचे ठरताच या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी दातांच्या उपचारांसाठी 1 पौंडापर्यंत शुल्क लागू झाले. शुल्काची ती प्रथा पुढे सुटलीच नाही.

अमेरिकेत 1965 मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आले. मेडिकेअरने दातांचे नेहमीचे उपचार वगळले. मेडिकेडमध्ये प्रौढांचे दात राज्यांच्या मर्जीवर राहिले. कॅलिफोर्नियाने 2009 च्या मंदीत प्रौढांचे बहुतेक दंतोपचार बंद केले. ते पूर्ववत व्हायला 2018 उजाडले.

मुलांना हक्क होता, पण तो कागदावर. सरकारी दर कमी, कागदपत्रांचा व्याप मोठा, म्हणून बरेच दंतवैद्य मेडिकेडचे रुग्ण घेतच नसत. 2007 मध्ये मेरीलँडमध्ये, म्हणजे बाल्टिमोरच्याच राज्यात, 12 वर्षांचा एक मुलगा किडक्या दातामुळे गेला. जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला होता. सुमारे 80 डॉलरमध्ये तो दात निघाला असता. त्याऐवजी मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, तो कित्येक आठवडे रुग्णालयात होता, खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला आणि मूल हाती लागले नाही. दोन वर्षांनी, 2009 मध्ये, मेडिकेडच्या मर्यादेपेक्षा थोडी जास्त कमाई असलेल्या घरांतल्या मुलांच्या सरकारी विम्यात दंतोपचार बंधनकारक झाले.

कॅनडानेही 1960 च्या दशकात सार्वजनिक आरोग्य विमा उभारताना दात बाहेरच ठेवले होते. खाजगी दंतविमा नसलेल्या आणि वर्षाला 90 हजार कॅनेडियन डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी तिथे केंद्र सरकारची योजना आली. नोंदणी डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाली, पहिला मान वृद्धांना मिळाला.