यानात पाय जमिनीवर कसे टेकले?

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या १८७० च्या चांद्रसफरीच्या कादंबरीत एक कुत्रं मरतं. प्रवासी त्याचं कलेवर यानाबाहेर टाकतात, तर ते मागं न पडता यानाच्या सोबतीनंच जात राहतं. हे भौतिकीला धरूनच आहे: दोघांचा वेग सारखा, दोघांवरची ओढही सारखीच. पण ज्या कारणानं कुत्रं सोबत राहिलं, त्याच कारणानं आतली माणसंही तरंगायला हवीत, हे व्हर्नच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या माणसांचं वजन जातं ते फक्त पृथ्वी आणि चंद्राची ओढ समसमान होते त्या एका टप्प्यावर. खरं तर तोफेतून सुटलेल्या त्या यानात वाटभर कुणालाच वजन जाणवलं नसतं. अडचणच दिसली नाही, मग कृत्रिम गुरुत्वाकर्षण शोधणार कोण?

ती दिसली रशियातल्या कालुगा गावच्या एका बहिऱ्या शाळामास्तराला, कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्कीला. त्यानं शोधनिबंध लिहिले, कथाही लिहिल्या, आणि उपाय सुचवला तो यान गरगर फिरवण्याचा. कोल्हापूरकराला हे समजवायला फळा लागत नाही. इथल्या साखर कारखान्यांत जाळीचा ड्रम जोरात फिरवून साखरेचे दाणे आणि मळी वेगळी करतात, त्यात दाणे जसे भिंतीला चिकटून बसतात तशीच माणसं यानाच्या कडेला दाबली जातात. तीच कड त्यांची जमीन, आणि मधला आस म्हणजे ‘वर’.

पुढं १९२० च्या दशकाच्या अखेरीस हर्मान पोटोच्निक या अभियंत्यानं ‘नोर्डुंग’ या टोपणनावानं चाकाच्या आकाराच्या अंतराळ स्थानकाची तपशीलवार रेखाटनं छापली. १९५२ मध्ये रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउननं ‘कोलियर्स’ साप्ताहिकात ७६ मीटर व्यासाचं चाक मांडलं. मिनिटाला ३ फेऱ्या, वजन पृथ्वीवरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटासाठी (१९६८) तर सुमारे १२ मीटर व्यासाचं खरंखुरं फिरणारं चाक बांधलं गेलं. दृश्य अप्रतिम आहे, पण एवढ्या लहान चाकात पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर मिनिटाला १२ फेऱ्या लागतील, आणि डोक्याशी ओढ पायांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी भरेल. नुसती मान वळवली तरी गरगरेल.

कृत्रिम गुरुत्वाकर्षणाच्या कल्पनेचा दुसरा वंश फिरत्या यंत्राचा नव्हे, लेखकाच्या सोयीचा. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सनं १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘कॅव्होराइट’ हा पदार्थ कल्पिला. ओढ अडवता येते असं एकदा मानलं, की ती निर्माण करायला कितीसा वेळ? अमेरिकी विज्ञानकथांत मग यानाच्या जमिनीखाली ओढ निर्माण करणाऱ्या पट्ट्या आल्या, त्यांची बटणं आली. ‘स्टार ट्रेक’ ही टीव्ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली, त्यात सगळे बिनधास्त चालतात. दर आठवड्याला नटांना तारांना टांगणार कोण! मला ही पळवाट गैर वाटत नाही. राग येतो तो लेखक तिचा हिशोब अर्धवट सोडतो याचा. जमिनीत ओढ निर्माण करणारं यंत्र हाताशी असेल, तर उड्डाणासाठी आगीचे लोळ सोडणारी रॉकेटं कशाला?

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, १२ सप्टेंबरला, जेमिनी-११ हे खरंखुरं अमेरिकी यान उडालं. त्यातल्या कॉनराड आणि गॉर्डन या अंतराळवीरांनी ३० मीटरच्या पट्ट्यानं आपलं यान एजिना या मानवरहित यानाला जोडून सावकाश फिरवलं. मिळालेली ओढ पृथ्वीच्या दहा हजारांत दीड भाग. दोघांनाही ती जाणवली नाही.

मराठीत या कल्पनेला फारसं काम मिळालं नाही. जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे, संशोधन थेट गुरुत्वाकर्षणावर. पण मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवलेल्या कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तिथं गुरुत्वाकर्षण निसर्गाचंच, आणि तेही अफाट. आपली विज्ञानकथा बहुतेक वेळा विज्ञानाला माणसाच्या घरी आणते, माणसाला यानात वर्षानुवर्षं ठेवत नाही. त्यामुळं हा प्रश्न आपल्याकडं आला तो जास्त करून अनुवादांतून.

प्रत्यक्षातही गाडी तिथंच अडली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी आखलेलं प्राण्या-रोपांसाठीचं अडीच मीटरचं फिरतं यंत्र २००५ मध्ये रद्द झालं. अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात, तो हाडं झिजू नयेत म्हणून. ज्यांना कथेत चाक वापरायचंय त्यांच्यासाठी आकडे सोपे आहेत: पृथ्वीइतकं वजन हवं तर मिनिटाला ४ फेऱ्यांना ५६ मीटर त्रिज्या, २ फेऱ्यांना २२४, आणि एकाच फेरीत भागवायचं असेल तर जवळजवळ ९०० मीटर.