२१ दिवसांत सवय लागते? आकड्याचा खुलासा

‘२१ दिवस रोज करा, अंगवळणी पडतं.’ जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपवर हा सल्ला सारखा फिरतो. मूळ वेगळंच आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपला वाटायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज करायचं एक काम स्वतः निवडायला सांगितलं. सवय पक्की व्हायचा मधला आकडा निघाला ६६ दिवस. अंदाज १८ पासून २५४ पर्यंत पसरलेले. पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर जमलं, व्यायाम रेंगाळला.

म्हणून घरात एका वेळी एकच काम घ्या, दहा आठवडे धरून. तेही डोळ्यांना दिसणारं. ‘पोरांनी शिस्तीत वागावं’ यावर कॅलेंडरात खूण कशी करणार? ‘रात्री जेवण झालं की ज्याने त्याने खरकटं बादलीत टाकून ताट मोरीत ठेवायचं’, यावर करता येते. कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे, पेन दोरीने बांधलेला (नाहीतर तिसऱ्या दिवशी गायब). काम करणाऱ्याने खूण स्वतःच करायची. आईने केली की ते काम पुन्हा आईचंच.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या, घर भरलं, एक चौकोन रिकामा राहिला, तर पहिल्यापासून मोजू नका. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.