इंटर्नशिप म्हणजे नुसतं हॉस्पिटलचं नाव नाही हो

आपल्याकडं लातूर-नांदेड-संभाजीनगरात सायकॉलॉजीचं एमए करणाऱ्या पोरांना सगळेच सांगतात की पुण्या-मुंबईचं मोठं हॉस्पिटल धर, सर्टिफिकेटवर नाव दिसलं की काम झालं. हे लई वर्षं चालत आलंय, पण तसं नाहीये. पहिली गोष्ट, इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटनं कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्याला आरसीआयची (म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्स करून रजिस्ट्रेशनच लागतं.

मग समजून-उमजून निवडणारी पोरं बघतात काय? तर सुपरव्हिजन. म्हणजे केस हिस्ट्री स्वतः घ्यायला मिळते का, मेंटल स्टेटस एक्झामिनेशन (पेशंटचं वागणं, बोलणं, मूड, विचार कसे आहेत याची तपासणी) लिहिलं तर ते कुणी सिनियर बसून तपासतं का, का नुसतं कोपऱ्यात खुर्ची टाकून बसवतात (हे लई ठिकाणी होतं बरं का). मग केसेस कसल्या येतात, लहान लेकरं, व्यसन का स्किझोफ्रेनिया. आणि भाषा! पेशंट "डोक्यात भुंगा लागलाय", "जीव घाबरा होतो" असं सांगतो, ते पटकन कळणाऱ्या पोराला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत खरं शिकायला मिळतं. रूमभाडं, मेस, घरापासूनचं अंतर हे पण असतंच, त्यात लाजायचं काय.

अमेरिकेत डॉक्टरेटच्या पोरांना एक वर्षाची इंटर्नशिप असते, एपीपीआयसी म्हणजे तिथल्या इंटर्नशिप सेंटरांची संघटना, तिचा मॅच (कोण कुठं जाणार ती जोडी लावायची पद्धत) असतो, त्यात विद्यार्थी आणि सेंटर दोघंही एकमेकांना रँक देतात, आणि तिथं पण "माझ्या ट्रेनिंगला हे जुळतं का" हा प्रश्न मोठा असतो.